चेहरा बदलला की पाया?

"दादा, नवीन व्हर्जन टाकू नका, सगळं बदलून ठेवलंय." डिझाईनच्या सॉफ्टवेअरची मोठी आवृत्ती आली की सांगलीतल्या आमच्या डीटीपीवाल्यांत, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवणाऱ्यांत, हा फोन दुकानादुकानांत फिरतो. सांगणारा खोटं बोलत नसतो. पण त्या 'सगळं'मध्ये दोन वेगळे बदल एकत्र कालवलेले असतात. एक चेहऱ्याचा, दुसरा पायाचा. ते वेगळे करून बघितले नाहीत तर आपण टूलबारवरून भांडतो आणि फाईल हातातून जाते तेव्हा गप्प बसतो.

चेहरा म्हणजे पडद्यावर दिसतं ते. टूल डावीकडून उजवीकडे गेलं, चिन्हं करडी झाली, रोजचा शॉर्टकट दुसऱ्याच कामाला लागला. हा त्रास किरकोळ नाही. ऐन लग्नसराईत पत्रिकेला दुप्पट वेळ लागला तर नुकसान ऑपरेटरचंच, कारण त्याचा हिशोब नगावर असतो. पण फाईल होती तशीच असते, आणि दोन-तीन आठवड्यांत हाताला नवी जागा सापडते. शिवाय चेहरा मागे फिरवता येतो. फिग्मा या डिझाईनच्या सॉफ्टवेअरनं २०२४ मध्ये नवा पडदा आणला, त्यातली तरंगती पॅनेल लोकांना रुचली नाहीत. त्याच वर्षी ती पुन्हा कडेला घट्ट बसवली गेली.

पाया म्हणजे फाईल साठवायची पद्धत, अक्षरं जुळवणारं आतलं यंत्र आणि वापराचा परवाना. इथली मोडतोड पहिल्या दिवशी दिसतही नाही. कधी मात्र लगेच दिसते. ॲपलनं जून २०११ मध्ये व्हिडिओ संपादनाचं 'फायनल कट प्रो टेन' आणलं, तेव्हा जुन्या आवृत्तीतले प्रकल्प त्यात उघडतच नव्हते. अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र जुळवायची सोयही नव्हती. ती जानेवारी २०१२ मध्ये आली. त्या वेळी चिडलेल्या लोकांना 'बदलाला घाबरणारे' म्हणणं अन्यायाचं होतं. त्यांचं काम अडलं होतं.

मराठीत काम करणाऱ्याला हा फरक जास्त बोचतो. आपल्याकडची जुनी कामं, म्हणजे हळदीच्या पाकिटांपासून संस्थांच्या स्मरणिकांपर्यंत, पेजमेकरसारख्या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये झाली. त्या फाईलमध्ये खरं तर मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढला की उरते ती इंग्रजी चिन्हांची खिचडी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, उलट आहे. फाईलमध्ये क, ्, ष अशी अक्षरं क्रमानं असतात आणि त्यांचा 'क्ष' करायचं काम आतल्या यंत्राचं. 'कि' लिहिताना वेलांटी क-च्या नंतर साठवली जाते, ती डावीकडे नेऊन दाखवायची तेही त्याचंच काम. हे यंत्र नसेल तर वेलांट्या भलतीकडे पडतात आणि जोडाक्षरं सुटी होतात. फ्लेक्सवर ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ ची. त्याला युनिकोड कधीच आलं नाही. त्याची जागा घेणारं इनडिझाईन १९९९ मध्ये आलं, तरी बरीच वर्षं त्यात 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' हे अक्षरं जुळवणारं यंत्र निवडल्याशिवाय देवनागरी सरळ पडत नसे. म्हणजे पाया बदलला म्हणूनच आज आपण धड मराठी छापतो. पायाच्या बदलाला सरसकट विरोध मला म्हणूनच पटत नाही. मराठीला मिळालेलं सगळ्यात मोठं देणं तिथूनच आलं, आणि सगळ्यात मोठा धोकाही तिथेच आहे.

तो धोका मी भोगलाय. एका शाळेची जुनी स्मरणिका नव्या आवृत्तीत आणली. पडदा देखणा होता, मजकूरही वरवर ठीक दिसला. छापून आल्यावर 'सह्याद्रीच्या दऱ्या' होत्या तिथे 'सह्याद्रीच्या दर्या' निघालं. दऱ्यांचा समुद्र झाला! 'आचाऱ्यांचे आभार' होते तिथे 'आचार्यांचे आभार'. दुसऱ्या, चौथऱ्या, पायऱ्या, सगळ्यांवर रफार चढला होता. ऱ्य हे मराठीचं खास जोडाक्षर, रूपांतरात आधी तेच मोडतं. मी आठवडाभर नव्या आयकॉनवर कुरकुरत होतो आणि हे तपासलं नव्हतं.

परवाना लोक चेहऱ्याच्या कुरकुरीतच टाकून देतात, पण तो पायातच येतो. इनडिझाईन बनवणाऱ्या ॲडोबीनं २०१३ मध्ये पुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायचं जाहीर केलं, तेव्हा लोकांचा खरा प्रश्न होता की पैसे थांबले की माझ्याच फाईलचं काय. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं, तेव्हा मलाही तो भेटला. विकत घेतलेल्या एका सॉफ्टवेअरची सीडी पाण्यातून वाचली, पण नव्या संगणकावर ते सुरू करायला कंपनीची परवानगी लागणार होती आणि ती मिळेना. पडदा कसा दिसतो याची मला त्या दिवशी आठवणही झाली नाही.

म्हणून आता नवी आवृत्ती आली की आधी जुनं काम उघडतो. दऱ्या, आचाऱ्यांना, वाङ्मय, उद्घाटन, कृष्णा, ळ्या असे शब्द असलेलं एक पान ठेवलंय, त्याची प्रिंट जुन्या प्रिंटवर धरून खिडकीच्या उजेडात बघतो. मग नवी फाईल जुन्या आवृत्तीला देता येते का ते पाहतो. इनडिझाईनमध्ये त्यासाठी आयडीएमएल हा जुन्या आवृत्तीत उघडणारा फाईलचा प्रकार आहे, कोरल या चित्रं आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये खालच्या व्हर्जनला सेव्ह करता येतं. अक्षरांच्या कर्व्हज करून, म्हणजे मजकुराची नुसती चित्रं करून, पाठवणं ही छपाईपुरती सोय झाली, पुढच्या वर्षी तारीख बदलायला तीच फाईल उपयोगी पडत नाही. शेवटी इंटरनेटची वायर काढून सॉफ्टवेअर सुरू राहतं का ते बघतो.

यंदाच्या आवृत्तीत 'दऱ्या' टिकल्या, 'वाङ्मय' फुटलं. जुना संगणक अजून कोपऱ्यात चालू ठेवलाय.