भाऊ वेगळे झाले, घर एकच: वेगळं मीटर आणि वेगळं गॅस कनेक्शन कसं घ्यायचं

वाईतला जुना वाडा असो, तासगावचं गल्लीतलं घर असो नाहीतर कोरेगावच्या मळ्यातली वस्ती, गोष्ट बहुतेक सारखीच असते. दोघा भावांची लग्नं झाली, काही वर्षांनी चुली वेगळ्या झाल्या, पण लाईटचं मीटर वडिलांच्या नावावर एकच आणि गॅसचं कार्डही आईच्या किंवा वडिलांच्या नावावर एकच. महिन्याला बिल आलं की निम्मं-निम्मं. कुणाकडे फ्रीज, कुणाकडे पाण्याची मोटर, कुणाकडे नुसते दोन पंखे. बिलाची कुरबुर सुरू होते आणि मग विचारणा होते की एकाच घरात दुसरं मीटर मिळतं का, दुसरं गॅस कनेक्शन मिळतं का.

दोन्ही मिळतात. मात्र महावितरण आणि गॅस एजन्सी या दोन ठिकाणी तपासतात ते वेगवेगळं. गॅसवाले कुटुंब आणि स्वयंपाकघर बघतात, महावितरण जागा आणि तिचा ताबा बघतं. हा फरक डोक्यात ठेवला नाही की माणूस एकाच फाईलच्या झेरॉक्सी घेऊन दोन्हीकडे जातो आणि दोन्हीकडून परत येतो.

गॅससाठी कोण पात्र

घरगुती गॅसचा कायदेशीर आधार म्हणजे केंद्राचा २००० सालचा एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेश. त्यात एका कुटुंबाला एकच कनेक्शन असा नियम आहे, आणि कुटुंब म्हणजे कोण हेही लिहिलेलं आहे: नवरा, बायको, अविवाहित मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील, जे एका घरात राहतात आणि ज्यांचं स्वयंपाकघर एक आहे. म्हणजे लग्न झालेला भाऊ त्याच घरात, त्याच पत्त्यावर, पण वेगळ्या स्वयंपाकघरात राहत असेल तर तो वेगळं कुटुंब ठरतो आणि त्याला स्वतःचं कनेक्शन घेता येतं. ‘या पत्त्यावर आधीच कनेक्शन आहे’ असं काउंटरवर सांगितलं गेलं तर घाबरून परत फिरू नका. २०१२ च्या सुमारास कंपन्यांनी एका पत्त्यावरची जादा कनेक्शनं शोधून बंद केली, तेव्हापासून पत्ता जुळला की अर्ज अडतो. स्वयंपाकघर वेगळं असल्याचं हमीपत्र आणि वेगळं रेशनकार्ड दाखवलं की तो सुटायला हवा.

चूल एकच असेल आणि फक्त जादा सिलिंडर हवा असेल, तर दुसरं कनेक्शन मागू नका. आहे त्याच कनेक्शनवर दुसरी टाकी मिळते. खोटं हमीपत्र देऊन घेतलेलं कनेक्शन आधारच्या पडताळणीत उघडं पडू शकतं आणि मग दोन्ही अडकतात.

एक प्रकार मात्र मळ्यात फार दिसतो आणि तो मला खरोखर धोक्याचा वाटतो. वडिलांच्या कार्डावर दोन टाक्या असतात. धाकटा मळ्यात नवीन घर बांधतो आणि त्यातली एक टाकी उचलून तिकडे नेतो. वर्षानुवर्षं असंच चालतं. पण गॅस अपघाताच्या विम्यात घराच्या, सामानाच्या नुकसानीची भरपाई मिळते ती नोंदणी असलेल्या पत्त्यावर अपघात झाला तरच. मळ्यातल्या घराची कंपनीकडे नोंदच नाही. तिथे काही झालं तर हातात काही राहत नाही. नवीन घरात राहायला जायच्या आधीच स्वतःच्या नावाने अर्ज करावा.

रेशनकार्ड आधी फोडा

कागदांचा क्रम चुकला की महिनेच्या महिने जातात. पहिलं काम रेशनकार्डाचं. तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत जुन्या कार्डातून नावं कमी करण्याचा अर्ज (नमुना ९) आणि नव्या कार्डाचा अर्ज (नमुना १) द्यायचा. हे कार्ड पुढे गॅसला कुटुंब वेगळं असल्याचा पुरावा म्हणून चालतं आणि महावितरणकडे त्या जागेत तुम्ही राहता हे दाखवायलाही उपयोगी पडतं.

इथे थांबून एक हिशेब करा. राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत मिळतात, उज्ज्वलाच्या लाभार्थी महिलांना आणि लाडकी बहीण योजनेतल्या पात्र महिलांना. पण कनेक्शन त्या बाईच्या नावावर हवं, एका रेशनकार्डावर एकच लाभार्थी, आणि १ जुलै २०२४ नंतर फोडलेली रेशनकार्डं या योजनेत धरत नाहीत. म्हणजे केवळ तीन टाक्यांसाठी कार्ड फोडायला निघाला असाल तर उपयोग नाही. खरोखर चूल वेगळी असेल तर फोडा. आणि नवं कनेक्शन घ्यायचंच असेल तर ते घरातल्या बाईच्याच नावावर घ्या, असा माझा आग्रह आहे. सिलिंडरच्या योजना तिच्या नावाने येतात, बुकिंगही बहुधा तीच करते.

गॅसचा अर्ज

एजन्सीत केवायसी फॉर्म भरायचा. सोबत आधार, पत्त्याचा पुरावा (नवं रेशनकार्ड किंवा लाईटबिल), बँक पासबुकची झेरॉक्स, फोटो, आणि कुटुंबात दुसरं कनेक्शन नाही व स्वयंपाकघर वेगळं आहे असं हमीपत्र. बोटाचा ठसा किंवा चेहरा घेऊन आधारची ई-केवायसी होते. जून २०२२ पासून १४.२ किलोच्या एका टाकीची अनामत २,२०० रुपये आणि रेग्युलेटरची २५० रुपये आहे. ही रक्कम परत मिळणारी आहे, म्हणून तिचं व्हाउचर, ज्याला एजन्सीत एसव्ही म्हणतात, ते जपून ठेवा. २०१९ च्या महापुरात सांगलीत कित्येकांची घरातली कागदपत्रं गेली, त्यात हेही गेलं असेल. तसं असेल तर एजन्सीला हरवल्याचं लेखी देऊन नोंद करून घ्या, कनेक्शन बंद करायची किंवा नाव बदलायची वेळ येईपर्यंत थांबू नका.

शेगडी एजन्सीकडूनच घ्यायची सक्ती नाही. आयएसआय शिक्क्याची स्वतःची शेगडी चालते, ते तपासून घेतात. जोडायला माणूस येईल तेव्हा स्वयंपाकघर खरंच मांडलेलं असू द्या: ओटा, टाकीपेक्षा उंचावर ठेवलेली शेगडी, खिडकी. बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवलेली शेगडी पाहून त्याने शेरा मारला तर त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पाईपगॅसचं काम भारत पेट्रोलियमकडे आहे. तुमच्या भागात पाईप पोचला असेल तर तिथे प्रत्येक स्वयंपाकघराला स्वतःचं मीटर असतं, त्यामुळे वाटणीचा प्रश्नच उरत नाही.

आता लाईट

वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कुणीही वीज मागू शकतो. ‘किंवा ताबेदार’ हे महत्त्वाचं. घर अजून वडिलांच्या नावावर असलं तरी तुम्ही त्यातल्या स्वतंत्र भागात राहता एवढं दाखवता आलं पाहिजे.

पण फक्त बिल कमी करण्यासाठी एकाच घराचा भार दोन मीटरवर वाटून मिळत नाही. साहेब किंवा वायरमन जागा पाहायला येतो तेव्हा तो बघतो की भाग वेगळा आहे का, स्वयंपाकघर वेगळं आहे का, वायरिंग वेगळी आहे का. लोक दुसरं मीटर मागतात यामागे हिशेब आहेच. घरगुती दराचे टप्पे १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत, आणि दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे. दोन कुटुंबं मिळून २४० युनिट जाळत असतील तर एका मीटरवर १०० युनिट स्वस्तात आणि १४० महाग. दोन मीटरवर १२०-१२० आले तर २०० स्वस्तात आणि ४० महाग. शंभर युनिटांचा फरक दर महिन्याला पडतो. उलट दोघांचे मिळून ९० युनिटच होत असतील तर दुसऱ्या मीटरने फक्त आणखी एक स्थिर आकार लागतो, बचत काहीच नाही. वरून १६ टक्के वीज शुल्क दोन्हीकडे आहेच. त्यामुळे आधी मागच्या वर्षाची बिलं काढा, मागे युनिटांचा आलेख असतो तो बघा, मग ठरवा.

कागद मुळात दोन: ओळखीचा आणि जागेचा. जागेसाठी शहरात मिळकत पत्रिका किंवा घरपट्टीची पावती, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. तलाठ्याकडचा आठ अ घेऊन येऊ नका, तो शेतजमिनीचा असतो. घराची नोंद सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र जोडा. संमती द्यायला भाऊ कचरतो, कारण मीटर नावावर झालं की जागा नावावर झाली असं त्याला वाटतं. त्याला समजावून सांगा की मीटरवरच्या नावाने मालकी सिद्ध होत नाही, हिस्सा हिश्श्याच्या जागी राहतो. आणि हे संमतीपत्र वाटणीच्या वेळीच, बोलणं चालू असताना आणि आईवडील हयात असताना घ्या. नंतर तीच एक सही मिळवायला पाहुण्यारावळ्यांना मध्ये घालावं लागतं.

जुन्या मीटरवर थकबाकी असेल तर ती आधी भरा, नाहीतर अर्ज तिथेच थांबतो. मीटरधारक वारले असतील तर जुन्या मीटरचं नाव बदलण्याचा अर्ज मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांच्या संमतीसह वेगळा द्यायचा. वडिलांची बाकी वारसावर येते, ती टाळता येत नाही.

नव्या जोडणीचा ए-१ अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर भरता येतो. सोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. जागा पाहणी झाली की कोटेशन येतं, त्यात जोडणीचा खर्च आणि सुरक्षा ठेव असते. पैसे भरल्यावर मीटर बसतं. पुढे ही ठेव तुमच्या सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी धरतात आणि तिच्यावर व्याजही मिळतं. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार अर्ज पूर्ण असेल तर सांगली-मिरज-कुपवाड किंवा सातारा यांसारख्या शहरी हद्दीत ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी द्यायची आहे. नवे खांब किंवा लाईन टाकावी लागणार असेल तर जास्त वेळ लागतो.

वायरिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण मीटर आल्यानंतरची भांडणं इथूनच सुरू होतात. जुन्या घरात फेज वेगळा करतात पण न्यूट्रल एकच ठेवतात. मग एका भावाने गिझर लावला की दुसऱ्याचा ईएलसीबी (करंट गळाला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) पडतो, मीटरवरचा अर्थिंगचा दिवा लुकलुकतो, आणि रीडिंगवर कुणाचाच विश्वास राहत नाही. ठेकेदाराला स्पष्ट सांगा: मेन स्विच वेगळा, न्यूट्रल वेगळा, इन्व्हर्टरची लाईन एकमेकांत घुसलेली नको. जिन्यातला दिवा आणि पाण्याची मोटर कुणाच्या मीटरवर, हेही त्याच दिवशी ठरवून संमतीपत्रात लिहून टाका.

मळ्यातल्या वस्तीसाठी एक कडक इशारा. वडिलांच्या मीटरवरून शेजारच्या प्लॉटवरच्या नव्या घराला वायर ओढणं किंवा शेतीपंपाच्या जोडणीवर घर चालवणं हा कलम १२६ खाली अनधिकृत वापर आहे. आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर कधीपासूनचा हे कळलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. भावाला मदत म्हणून दिलेल्या वायरीचं बिल ज्याच्या नावावर मीटर त्यालाच येतं.

अडलं तर

अर्ज ऑनलाईन असो वा कागदावर, अर्ज क्रमांक किंवा पोच घेतल्याशिवाय उठू नका, मुदत तिथूनच मोजली जाते. विजेची तक्रार १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ वर नोंदवता येते. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे लेखी जायचं, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. सातारा जिल्हा महावितरणच्या बारामती परिमंडळात आणि सांगली कोल्हापूर परिमंडळात येतो, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातल्या पाहुण्याने दिलेला पत्ता तुमच्या कामाचा असेलच असं नाही, बिलावरचा बघा. गॅससाठी तिन्ही सरकारी कंपन्यांचा एकच क्रमांक १८००-२३३-३५५५, आणि गळतीसाठी १९०६, तो चोवीस तास चालू असतो.