मूठ खोटं बोलते का?

कारखान्यात हाताला इजा झालेला कामगार परत कामावर घ्यायचा, की त्याच्या हाताची पकड मोजतात. आकडे विचित्र आले की कुणीतरी हमखास म्हणतं, "सोंग करत होता, मशीनने पकडलं." हे ऐकलं की मला राग येतो, कारण त्या मशीनमागचं विज्ञान फार सुंदर आहे आणि ते असं काही म्हणतच नाही.

या मशीनचं नाव डायनॅमोमीटर. मुठीत दाबायची दांडी आणि वर तबकडी. नेहमी वापरतात त्या जामार डायनॅमोमीटरची दांडी पाच खाचांत बसते. सगळ्यात अरुंद साधारण साडेतीन सेंटिमीटर, सगळ्यात रुंद साडेआठ. जीव खाऊन दाबलं तर मधल्या खाचांत, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या, आकडा सर्वाधिक येतो आणि दोन्ही टोकांना उतरतो. कागदावर टेकडी दिसते.

टेकडीच का? दांडीची खाच बदलली की बोटं मिटणाऱ्या स्नायूंची लांबी बदलते. स्नायूच्या तंतूत मायोसिन या प्रथिनाचे असंख्य इवले हात ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या दोऱ्या धरून ओढत असतात. स्नायू फार ताणला तर बऱ्याच हातांना दोरी पुरत नाही. फार आखडला तर दोऱ्याच एकमेकींवर चढतात. गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांनी 1966 साली बेडकाच्या सुट्या तंतूवर हे मोजलं. सारकोमिअर, म्हणजे तंतूचा एक पेर, 2 ते 2.2 मायक्रोमीटर लांब असताना जोर सर्वाधिक, 3.65 च्या आसपास शून्य. मनगट पूर्ण आत वळवून मूठ आवळून बघा, बोटांतला जीवच जातो. बोटं मिटणारे स्नायू आधीच आखडलेले असतात.

चाचणीचा तर्क असा: जो मुद्दाम कमी दाबतो त्याचा स्नायू या मर्यादेपर्यंत पोचतच नाही, म्हणून टेकडीऐवजी सपाट रेघ येते. तर्क चांगला आहे. पण धडधाकट हाताचे आकडे 40 पासून 24 किलोपर्यंत उतरत असतील, तर चौथाई ताकद उरलेल्या हाताचे 10 पासून 6 पर्यंतच उतरतील. तो चार किलोंचा उतार एका कळेने पुसला जातो. तीन वेळा दाबून आकड्यांतली तफावत बघतात, तिथेही तेच. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात ते, 2 किलो असेल तर 40 च्या सरासरीला ते 5 टक्के, 10 च्या सरासरीला 20 टक्के. मर्यादा बरेचदा 15 टक्क्यांची धरतात, तफावत त्याहून जास्त तर माणसाने पूर्ण जोर लावला नाही असं समजतात. म्हणजे हात जितका अशक्त, तितका माणूस खोटा!

मराठेशाहीत रवादिव्य करत. उकळत्या तेलातला धातूचा तुकडा हाताने काढायचा आणि नंतर हात बघून खरं-खोटं ठरवायचं. तबकडी आली म्हणून तीच चूक शास्त्र होत नाही. स्कॉटलंडचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी 1980 साली कंबरदुखीच्या रुग्णांत दुखण्याचं कारण निव्वळ शारीरिक नसावं, हे सुचवणाऱ्या काही खुणा सांगितल्या. त्या सोंग पकडायला वापरल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांनाच पुढे त्याविरुद्ध लिहावं लागलं. दुखेल या भीतीनेही मेंदू जोर आवरतो, आणि त्या माणसाला ते कळतही नाही.

"पूर्ण जोर लागला नाही" असं अहवालात जरूर लिहावं. त्याच्याच शेजारी दुखणं किती होतं, सूज होती का, दुसऱ्या हाताचे पाच आकडे काय आले, हेही लिहावं.