सिरॅमिकचं क्षरण

चिनी माती, काच, भट्टीच्या विटा, अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड), झिर्कोनिया (झिर्कोनियमचं ऑक्साइड) असले पदार्थ पाणी, अ‍ॅसिड, अल्कली, वितळलेले क्षार किंवा तापलेल्या वायूंमुळे झिजतात त्याला सिरॅमिकचं क्षरण म्हणतात. ओला ठेवलेला लोखंडी तवा एका रात्रीत गंजतो आणि लोणच्याची बरणी मात्र मीठ, आंबट, तेल सगळं पोटात घेऊन वर्षानुवर्षं तशीच राहते, कारण गंजणं म्हणजे ऑक्सिजनशी जोडलं जाणं आणि बरणीतलं सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आधीच ऑक्सिजनला घट्ट धरून बसलेलं असतं. शिवाय धातूचं गंजणं ही विजेची क्रिया, त्यात इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातात, सिरॅमिकमध्ये बहुतेक वेळा सरळ विरघळणंच होतं.

पण म्हणून "सिरॅमिकला काहीच होत नाही" हे खरं नाही. जुनी बरणी उजेडात धरून बघा, ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या चकचकीत थरावर, केसासारख्या रेघांची जाळी दिसेल आणि त्या रेघा हळदीने पिवळ्या पडलेल्या असतील. ग्लेझ आणि आतली माती थंड होताना सारखी आकसत नाहीत, कच्ची भाजलेली माती नंतर दमट हवेत फुगते पण, मग ग्लेझ तडकतं आणि खारट पाणी आत शिरतं. आत मिठाचे खडे धरले की ते वरचे पापुद्रे ढकलून पाडतात, जुन्या विटांच्या भिंतीला लोणा लागतो तेच हे.

खरा प्रश्न एवढाच असतो की समोर कोण आहे. काचेला बाकीची अ‍ॅसिडं फारसं काही करत नाहीत, पण हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तिला खाऊन टाकतं म्हणून ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात, आणि गरम कॉस्टिक सोड्याने पण काच हळूहळू विरघळते. भट्टीचं पण तसंच, सिलिकाच्या (वाळूत असतं ते सिलिकॉनचं ऑक्साइड) विटांना चुन्याचा स्लॅग, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणारी मळी, खातो आणि मॅग्नेशियाच्या (मॅग्नेशियमचं ऑक्साइड) विटांना सिलिकाचा. इंग्लंडमध्ये १८७०च्या दशकात हीच अडचण होती, लोखंडातलं फॉस्फरस काढायला चुना टाकावा लागतो आणि चुना टाकला की सिलिकाचं अस्तर जातं. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी डोलोमाइटचं (चुना आणि मॅग्नेशिया असलेला दगड) अस्तर लावलं आणि फॉस्फरसवाल्या खनिजापासून चांगलं पोलाद निघायला लागलं. मला तर ही क्षरणाच्या अभ्यासातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

सिलिकॉन कार्बाइडची (सिलिकॉन आणि कार्बनचं संयुग) गंमत वेगळी, ते ऑक्साइड नाहीच त्यामुळे तापलं की ऑक्सिजन पकडतं, पण वर सिलिकाचा पातळ थर बसतो आणि तोच आतल्या मालाला वाचवतो. ऑक्सिजन फारच कमी असेल तर थराऐवजी वायू तयार होऊन माल उडत राहतो, आणि जेट इंजिनातल्या गरम वाफेत तर तो थरच वाफेबरोबर निघून जातो म्हणून त्या भागांवर वेगळं कोटिंग लागतं.

झिर्कोनियाला नुसता ओलावा पण पुरतो. यिट्रिया (यिट्रियम धातूचं ऑक्साइड) घालून त्याची रचना स्थिर केलेली असते, ओलाव्यात ती पृष्ठभागापासून बदलायला लागते, आकारमान साधारण ४ टक्के वाढतं आणि बारीक चिरा पडतात. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात झिर्कोनियाचे गोळे बसवायचे, त्यातले वेगळ्या प्रकारच्या भट्टीत भाजलेले काही बॅचचे गोळे रुग्णांच्या शरीरात फुटायला लागले आणि २००१ मध्ये माल परत मागवावा लागला. आता त्या जागी अ‍ॅल्युमिनात थोडं झिर्कोनिया मिसळलेले गोळे जास्त वापरतात.