लहान धंदा वेगळा, नवा धंदा वेगळा

कोणत्याही उद्योजकता मेळाव्याला जा. तिसऱ्या भाषणापर्यंत 'लघुउद्योग हा अर्थव्यवस्थेचा कणा' हे वाक्य येतंच, आणि त्याच दमात एखाद्या तरुण, झपाट्याने वाढलेल्या कंपनीचं उदाहरण दिलं जातं. टाळ्या पडतात. पण कणा लहानांचा सांगितला आणि पुरावा नव्याचा दिला, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

लहान धंदा म्हणजे काय, ते सांगत बसत नाही. गल्लीतलं किराणा दुकान, भोसरीतलं चार लेथचं वर्कशॉप, पिठाची गिरणी. घर चालतं, दोन-चार पोरं कामाला असतात. नवा धंदा म्हणजे नुकताच सुरू झालेला, वयाने कोवळा. दोघांसाठी केंद्राच्या नोंदणीही वेगळ्या आहेत: लहानांसाठी 'उद्यम' (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची नोंदणी), नव्यांसाठी 'स्टार्टअप' मान्यता. बसत असेल तर दोन्ही घेता येतात.

घोळ होतो तो नोकऱ्यांच्या हिशेबात. 1979 मध्ये अमेरिकेत अर्थतज्ज्ञ डेव्हिड बर्च यांनी मांडलं की नव्या नोकऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश भर वीस किंवा त्याहून कमी माणसांच्या कंपन्या घालतात. राजकारण्यांना आयतं वाक्य मिळालं. पुढे 2013 मध्ये हाल्टिवँगर, जार्मिन आणि मिरांडा या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या जनगणना खात्याच्या नोंदींवर तोच हिशेब मांडला, पण कंपनीचं वयही धरलं. वय धरताच आकाराचा आणि वाढीचा संबंध जवळपास पुसला गेला. नोकऱ्यांची भर घालत होत्या त्या नव्या कंपन्या. नवी कंपनी बहुधा लहानच असते, म्हणून श्रेय सरसकट लहानांच्या खात्यावर जमा झालं होतं. उंची सारखी दिसली म्हणून शेळीला वासरू समजून चारा घालायचा, तसलाच हा प्रकार.

बरं, नव्यांमध्येही सगळे वाढत नाहीत. अमेरिकेतल्या नव्या कंपन्यांनी दिलेल्या नोकऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के नोकऱ्या पहिल्या पाच वर्षांत त्या कंपन्याच बंद पडल्याने जातात. उरलेल्यांतल्या थोड्याच भराभर वाढतात आणि सरासरी वर ओढतात. बंद पडलेल्यांची माणसं, यंत्रं, गाळे मोकळे होऊन जास्त चांगलं काम करणाऱ्याकडे जातात. उत्पादकता वाढण्याचा मोठा भाग याच अदलाबदलीतून येतो. धंदा बुडाला की 'आपल्या लोकांना जमतच नाही' म्हणत चुकचुकणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच बघा. 1888 मध्ये बेळगावात त्यांनी सायकलचं दुकान काढलं. तो लहान धंदा, आणि तेवढ्यावर थांबले असते तर लहानच राहिला असता. 1903 च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते असं मानणारा शेतकरी तो घेईना. तरी ते चिकटून राहिले, आणि 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. माणूस तोच, पण वाढ सुरू झाली ती नवी वस्तू आणल्यावर.

आपल्या सरकारने मात्र पन्नासेक वर्षं नेमका लहानपणाच जपला. 1967 मध्ये 47 वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या. पुढे ही यादी आठशेच्या वर गेली. लोणची, पाव, मेणबत्त्या, कुलुपं, स्टीलची कपाटं, शाळेच्या वह्या. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की राखीव माल करायचा हक्क धोक्यात. मग कुलुपांचा धंदा जोरात चालला तर हुशार मालक काय करणार? मोठं यंत्र घेण्याऐवजी बायकोच्या किंवा मेव्हण्याच्या नावावर शेजारी दुसरं युनिट टाकणार. कागदावर दोन लघुउद्योग, भाषणात दुप्पट उद्योजकता! शेवटच्या 20 वस्तू यादीतून निघाल्या 2015 मध्ये.

त्याच्या आदल्याच वर्षी श्ये आणि क्लेनो या अर्थतज्ज्ञांनी कारखान्यांची वयानुसार तुलना प्रसिद्ध केली होती. अमेरिकेत चाळीस वर्षांच्या कारखान्यात पाच वर्षांपर्यंतच्या कारखान्यापेक्षा सातपटीहून जास्त कामगार असतात. भारतात जेमतेम दुप्पट. राखीव यादी हे त्याचं एकमेव कारण नव्हे, पण वाढू नकोस असं सांगणारं धोरण असल्यावर वेगळं काय होणार?

मला विचाराल तर सवलत वयावर द्यावी, आकारावर नाही. स्टार्टअप मान्यतेत निदान घड्याळ आहे: 2019 च्या नियमाने नोंदणीपासून दहा वर्षं, मग बाहेर. जुनाच धंदा तोडून नव्या नावाने आणला तर तेही चालत नाही. उद्यममध्ये वयाची अटच नाही, आणि एप्रिल 2025 पासून 'मध्यम'ची मर्यादा 500 कोटींच्या उलाढालीपर्यंत गेली आहे. म्हणजे तीस वर्षं चार लेथवर थांबलेला आणि 400 कोटींची उलाढाल करणारा एकाच छत्रीखाली, आणि परवा गाळा भाड्याने घेतलेली, अजून पहिलं बिलही न फाडलेली पोरगीसुद्धा तिथेच.