‘नोझल साफ केले की झाले’ हा गैरसमज
जुनी डिझेल गाडी धूर सोडत असेल, तर ‘डिझेल इंजिन मरत नाही, नोझल साफ केले की झाले’ असे मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. नोझल फक्त इंधन फवारते. डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो, दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते, त्यामुळे हा दाब धरून ठेवणाऱ्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या की तो दाबच घटतो आणि नोझल कितीही साफ केले तरी परत येत नाही. काळा धूर हा बहुधा हवा-इंधनाच्या प्रमाणातला दोष असतो व पुष्कळदा माफक खर्चात सुटतो. निळसर धूर मात्र ऑइल जळत असल्याची खूण आहे.

गाडी पाहताना इंजिन आधीच तापवून ठेवलेले नाही ना, हे बॉनेटवर हात ठेवून पाहावे, कारण गरम इंजिन पटकन चालू होते आणि दोष झाकला जातो. मग चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण अलगद उघडावे. तेथून धूर ठोके देत जोराने बाहेर येत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत असे समजून इंजिन उतरवून दुरुस्त करण्याचा खर्च किमतीत धरावाच. त्यातून खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हा तपासणी आणि पर्यावरण कर दोन्ही येतात. त्या टप्प्याजवळची असली गाडी, माझ्या मते, घेऊच नये.