लँडिंग आणि फ्लॅगपोलिंग: पूल एकच, कामं वेगळी

नायगारा धबधब्यापाशी अमेरिका आणि कॅनडा जोडणारा रेनबो ब्रिज आहे. समजा, काही वर्षांपूर्वीच्या एका सकाळी या पुलावर दोन मराठी कुटुंबं आहेत. एक न्यू जर्सीहून रात्रभर गाडी हाकत आलंय. नवरा एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर, आणि फाइलमध्ये कॅनडाच्या पीआरचे, म्हणजे कायम रहिवासाचे, कागद. दुसरं कॅनडातल्याच, टोरोंटोजवळच्या मिसिसागाहून निघून तास-दीड तासात पोचलंय. बायकोचं वर्क परमिट संपत आलंय, नवं हवंय. दोन्ही कुटुंबं कॅनडाच्या बाजूच्या एकाच इमारतीत, एकाच काउंटरसमोर ताटकळत बसणार. आणि संध्याकाळी दोघंही व्हॉट्सॲपवर एकच वाक्य टाकणार: "फ्लॅगपोल करून आलो!"

न्यू जर्सीवाल्यांनी फ्लॅगपोल केलेलंच नाही, त्यांनी लँडिंग केलं. मिसिसागावाल्यांनी फ्लॅगपोल केलं खरं, पण त्यांच्यासारखं काम आज काढलं तर बहुतेकांना हात हलवत परतावं लागेल. दोन शब्दांची सरमिसळ झाली की सल्लेही असेच एकमेकांत मिसळतात, आणि एकाच्या कामाचा सल्ला दुसऱ्याच्या गळ्यात पडतो.

मुळात हे दोन शब्द एका जातीचे नाहीत. लँडिंग हे काम आहे, फ्लॅगपोलिंग ही वाट आहे. लग्न करणं आणि पळून जाणं यांत जो फरक, तोच. पळून जाऊन लग्न करता येतं, न पळताही करता येतं, आणि पळणारा प्रत्येक जण लग्नासाठीच पळतो असंही नाही.

लँडिंग म्हणजे कॅनडाचे कायम रहिवासी, म्हणजेच पीआर, होण्याचा कायदेशीर क्षण. अर्ज मंजूर झाला म्हणजे पीआर मिळाला, असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. देशाबाहेरच्या अर्जदाराला मंजुरीनंतर कन्फर्मेशन ऑफ पर्मनंट रेसिडेन्स हा कागद मिळतो. सगळे त्याला सीओपीआर म्हणतात. भारतीय पासपोर्ट असेल तर त्यात पीआर व्हिसाचा स्टिकरही लागतो. हे घेऊन देशाच्या प्रवेशद्वारावरच्या, म्हणजे सीमेवरच्या किंवा विमानतळावरच्या, अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं, त्यानं तपासायचं, सह्या व्हायच्या. त्या सह्या झाल्या की तुम्ही पीआर. शब्द जुन्या कायद्यातला आहे. तेव्हा अशा माणसाला 'लँडेड इमिग्रंट' म्हणत आणि त्याला 'रेकॉर्ड ऑफ लँडिंग' नावाचा कागद मिळे. २८ जून २००२ ला नवा कायदा लागू झाला, ती संज्ञा गेली, पीआर कार्ड आलं. लोकांच्या तोंडी मात्र लँडिंगच राहिलं. त्यामुळे गाडीतून, चारही चाकं जमिनीवर असताना, माणसं 'लँड' होतात.

फ्लॅगपोलिंग हा शब्द तर कोणत्या कायद्याचाही नाही. सीमेवर झेंड्याचा खांब असतो, त्याला वळसा घालून परत यायचं, म्हणून हे नाव. कॅनडात तात्पुरत्या परवान्यावर राहणारा माणूस देशाबाहेर पडतो, बहुधा अमेरिकेच्या बाजूला जातो आणि त्याच दिवशी परत येतो. फिरायला नाही, तर प्रवेशद्वारावर उभं राहून इमिग्रेशनचं एखादं काम तिथल्या तिथे करून घ्यायला. ऑनलाइन अर्जाला महिने लागत असताना सीमेवर तासाभरात परमिट हातात पडायचं, ही त्यातली गंमत. अंतरं बघितली तर मोह का व्हायचा ते कळतं: टोरोंटोच्या परिसरातून नायगाराचे पूल किंवा फोर्ट एरीचा पीस ब्रिज, व्हँकुव्हरकडून पीस आर्च, मॉन्ट्रियलकडून लाकोल. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या एका वर्षात कॅनडाच्या सीमा सेवा संस्थेनं, म्हणजे सीबीएसएनं, असे ६९ हजारांहून अधिक लोक हाताळले.

ओळखायची सोपी खूण म्हणजे दिशा. घर कुठे आहे आणि पहिला अधिकारी कोणत्या देशाचा भेटतो, एवढंच बघायचं. न्यू जर्सीचं कुटुंब अमेरिकेतून निघालं. निघताना अमेरिकेची चौकी त्यांना थांबवत नाही, पूल ओलांडला की थेट कॅनडाचा बूथ. मिसिसागाच्या बाईंना आधी अमेरिकेच्या अधिकाऱ्यासमोर जावं लागतं, मगच उलट फिरून कॅनडाच्या. या एका जास्तीच्या थांब्यानं बराच फरक पडतो, तो पुढे येईलच.

आधी लँडिंग. बूथवरच्या अधिकाऱ्याला आल्या आल्या सांगायचं, "पीआर म्हणून लँड होण्यासाठी आलोय." 'धबधबा बघायला आलोय' असं सहज बोलून गेलात, तर तो पर्यटक समजून पुढे सोडेल आणि मग गाडी वळवून परत यायची वेळ. तो एक चिठ्ठी देऊन आत पाठवतो. आत इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्ट आणि सीओपीआर घेतो, नावं, जन्मतारखा तपासतो आणि प्रश्न विचारतो: आधी कधी कॅनडातून हाकललं गेलंय का, गुन्ह्यात शिक्षा झालीय का, पुरेसे पैसे आहेत का. आवाज कंटाळलेला असतो, म्हणून प्रश्न किरकोळ वाटतात.

त्यातला एक अजिबात किरकोळ नाही. अर्ज केल्यापासून कुटुंबात काही बदल झालाय का? मधल्या काळात लग्न झालं असेल, मूल झालं असेल, तर ते प्रवासाला निघण्याआधीच इमिग्रेशन खात्याला, म्हणजे आयआरसीसीला, कळवायचं असतं. काउंटरवर सांगितलंत तर अधिकारी लँडिंग थांबवू शकतो, कागद फिरून नव्यानं होतात, वैताग होतो. पण न सांगता सही केलीत तर? कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतल्या कलम ११७(९)(डी) नुसार, लँडिंगच्या वेळी जो जोडीदार किंवा जे मूल लपवलं आणि म्हणून तपासलं गेलं नाही, त्याला नंतर कौटुंबिक प्रायोजकत्वाखाली आणता येत नाही. सोबत येणार नसलेलं मूलही सांगावंच लागतं. "एकदा लँड होऊ, मग बायकोचं बघू" या विचारानं घर दोन देशांत अडकून पडू शकतं. या संपूर्ण विषयात एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर मी हीच ठेवीन.

बाकीचे नियम भराभर. सीओपीआरवरची तारीख वाढवून मिळत नाही. ती बहुधा वैद्यकीय तपासणीच्या एका वर्षाच्या मुदतीशी किंवा पासपोर्टच्या मुदतीशी बांधलेली असते. मुख्य अर्जदारानं आधी किंवा बरोबर लँड व्हायला हवं, बायको-मुलं त्याच्या आधी नाहीत. १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम जवळ असेल तर जाहीर करायची. कितीही न्या, बंधन नाही, लपवणं तेवढं चालत नाही.

मग त्याच इमारतीत कस्टम्स. ज्यांना लगेच अमेरिकेत परतायचंय ते इथे हमखास घाई करतात. आपल्या वापरातलं घरसामान नव्या रहिवाशाला शुल्काशिवाय आणता येतं, पण त्यासाठी लँडिंगच्याच दिवशी याद्या द्याव्या लागतात: आज बरोबर आणलेलं सामान आणि मागाहून येणारं सामान. आज गाडीत फक्त एक बॅग असली तरी दुसरी यादी द्यायचीच. नाहीतर दोन वर्षांनी ट्रक भरून सामान आणलंत की शुल्काचा प्रश्न उभा. दागिन्यांचं वर्णन आणि फोटो जोडले की पुढे हुज्जत कमी. एखादी वस्तू १०,००० कॅनेडियन डॉलरहून महाग असेल तर वरच्या रकमेवर शुल्क लागतं.

काम आटोपून न्यू जर्सीला परतताना पुन्हा अमेरिकेचा अधिकारी. पासपोर्टमधल्या व्हिसाची मुदत संपलीय पण आय-९४, म्हणजे अमेरिकेत किती दिवस राहता येईल याची नोंद, चालू आहे, अशांसाठी एक सवलत आहे. केवळ कॅनडात किंवा मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंत जाऊन आलेल्यांना त्या संपलेल्या व्हिसावर बहुधा परत घेतात. पण त्या मुक्कामात नव्या अमेरिकन व्हिसासाठी अर्ज केलात तर ही सवलत जाते. या सगळ्या फेरीला लोक 'सॉफ्ट लँडिंग' म्हणतात. कायद्याला मऊ आणि कडक लँडिंग असा भेद ठाऊक नाही. लँडिंग झालं की झालं. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहण्याची अट त्याच दिवसापासून लागू होते.

आता मिसिसागाच्या बाई. त्या अमेरिकेच्या बूथवर पोचल्या, त्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही. फ्लॅगपोल करणाऱ्यांत असे बरेच असत. अधिकारी आत नेतो, बोटांचे ठसे घेतो, प्रवेश नाकारल्याचा किंवा प्रवेशाची विनंती मागे घेतल्याचा कागद देतो आणि गाडी वळवून कॅनडाकडे पाठवतो. कॅनडाचा अधिकारी तो कागद बघतो आणि मग परमिटचं काम सुरू. सगळं इतकं सवयीचं झालेलं की तो नकार कोणाला नकार वाटतच नसे. पण अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात थेट प्रश्न आहे: कधी व्हिसा नाकारला गेलाय का, प्रवेश नाकारला गेलाय का, किंवा प्रवेशद्वारावर विनंती मागे घेतलीय का? फ्लॅगपोल केलेल्यानं तिथे 'हो' लिहून दोन ओळींत कारण द्यायचं असतं. त्यानं व्हिसा अडतोच असं नाही, मात्र 'नाही' लिहिलंत आणि नोंद सापडली तर प्रकरण भलतंच होतं. न्यू जर्सीवाल्यांच्या वाटेला हा प्रश्न त्या दिवसामुळे येत नाही, कारण त्यांनी अमेरिकेकडे नकार मागितलाच नव्हता. जास्तीचा थांबा म्हणालो तो हा.

आणि बाईंचं ते काम आता होतही नाही. पदवीनंतरच्या वर्क परमिटसाठी सीमेवर जाणं २१ जून २०२४ पासूनच बंद झालं होतं. मग २३ डिसेंबर २०२४ च्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपासून फ्लॅगपोल करणाऱ्यांना सीमेवर वर्क परमिट आणि स्टडी परमिट देणंच थांबलं. अपवाद मोजके: अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डधारक, काही मुक्त व्यापार करारांखाली येणारे व्यावसायिक, आणि कामासाठीच देशाबाहेर पडावं लागणारे, नूतनीकरणाचा अर्ज केलेले आंतरराष्ट्रीय ट्रकचालक. बाकीच्यांनी देशातच बसून ऑनलाइन अर्ज करायचा. मुदत संपण्याआधी अर्ज गेला असेल तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर काम चालू ठेवता येतं. मधेच देशाबाहेर पडलात की परत आल्यावर काम करण्याचा तो आधार राहत नाही. ट्रकचालकांना सूट का, ते यावरून लक्षात येतं.

बंदी आली तेव्हा "लँडिंग बंद झालं" अशी आवई उठणं साहजिक होतं. बंदी त्या वळशावर मिळणाऱ्या परमिटांवर आहे. परदेशातून, अगदी अमेरिकेतून गाडीनं, सीओपीआर घेऊन येणाऱ्याचं लँडिंग जसं होतं तसंच होतं.

मग हा गोंधळ आला कुठून? एक काळ असा होता की दोन्ही गोष्टी खरोखरच एकत्र घडत. कॅनडातच नोकरी करणाऱ्याचा पीआर मंजूर झाला, की त्यालाही कुणातरी अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं असे. आयआरसीसीच्या कार्यालयात भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबा, नाहीतर सीमेवर वळसा घालून या. अनेकांनी वळसा घातला. ते अक्षरशः 'फ्लॅगपोल करून लँडिंग' होतं, आणि त्या काळातली वर्णनं अजूनही फिरतात. कोविडच्या काळात आयआरसीसीनं ऑनलाइन पोर्टल आणलं. आता कॅनडात असलेला अर्जदार तिथे आपण देशातच असल्याचं जाहीर करतो, फोटो आणि पत्ता देतो, आणि इलेक्ट्रॉनिक सीओपीआर येतो. ना पूल, ना झेंडा. कुटुंबातल्या बदलाचं मात्र तिथेही खरंच सांगायचं.

पीआर कार्ड या कोणत्याच काउंटरवर मिळत नाही. ते नंतर टपालानं येतं आणि फक्त कॅनडातल्या पत्त्यावर. पत्ता १८० दिवसांच्या आत कळवला नाही, तर पैसे भरून नव्यानं अर्ज. न्यू जर्सीवाले म्हणूनच एखाद्या नातेवाइकाचा ब्रॅम्प्टनचा पत्ता देऊन येतात. कार्ड हाती येण्याआधी कॅनडात जायचं झालं तर विमान कंपनी कार्ड किंवा वकिलातीचा प्रवास-दाखला मागते, स्वतःच्या गाडीनं जमिनीवरची सीमा ओलांडताना मात्र पासपोर्ट आणि तो सीओपीआरचा कागद दाखवून आत जाता येतं. म्हणून तो कागद नीट जपून ठेवायचा, लॅमिनेट न करता.