गरोदरपणातील प्रवास

गरोदर स्त्रीने केव्हा, कोणत्या वाहनाने व कोणती काळजी घेऊन प्रवास करावा, यासंबंधीचे वैद्यकीय व लौकिक संकेत. गुंतागुंत नसल्यास प्रवासाला सरसकट मनाई नाही. चौथा ते सहावा महिना सर्वांत सोयीचा. तोवर मळमळ ओसरलेली असते आणि पोटाचा भार फारसा जाणवत नाही.

लोकांत रूढ असलेल्या प्रवासाच्या मनाईचे मूळ सामान्यतः आयुर्वेदात शोधतात; पण संहितांत एकवाक्यता नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात (अध्याय ३) गर्भधारणेपासूनच ‘यानारोहण’, म्हणजे वाहनात बसणेच, वर्ज्य सांगितले आहे. चरकसंहितेत (शारीरस्थान, अध्याय ८) मात्र गर्भाला अपायकारक म्हणून अतिशय हादरे देणाऱ्या वाहनांचा निर्देश येतो. दोन्ही ग्रंथांत वेळोवेळी फेरफार व भर पडल्याने यांतील आधीचे मत कोणते, हे ठरवणे कठीण. चरकाचे उपलब्ध रूप बहुधा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले असावे. दृढबल या नंतरच्या संपादकाने पुढे भर घातलेल्या भागांत शारीरस्थान येत नाही. चरकाचे तारतम्य आधुनिक प्रसूतिशास्त्राला अधिक जवळचे आहे. अर्थात, रस्त्यावरच्या नेहमीच्या गचक्यांनी गर्भपात होतो, असे ते शास्त्र मानत नाही. पहिल्या तिमाहीतील सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गुणसूत्रांतील दोष असतात.

अधिक खरा धोका तासन्‌तास एका जागी बसण्याचा. गरोदरपणात रक्त लवकर गोठते आणि वाढलेले गर्भाशय ओटीपोटातील नीला (अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणारी शीर) दाबते; त्यामुळे पायाच्या खोल नीलेत गुठळी होऊन ती फुप्फुसात अडकू शकते. ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ या नावामुळे हा विमानाचाच विकार वाटतो. परंतु १९४० मध्ये ब्रिटिश न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्प्सन यांनी लंडनच्या हवाई हल्ल्यांपासूनच्या निवाऱ्यांत बसून राहिलेल्यांमधील असे मृत्यू नोंदवले होते. दीर्घ बैठकीने होणाऱ्या गुठळ्यांवरचा अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन होमन्स यांचा लेख १९५४ चा. चार तासांहून लांबच्या प्रवासात अधूनमधून चालणे, पाणी पिणे व वैद्यकीय दाबमोजे हे उपाय सुचवतात.

विमानातील हवेचा दाब जास्तीत जास्त सुमारे २,४०० मी. उंचीवरच्या इतका उतरतो. गर्भाचे हीमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट धरत असल्याने निरोगी गर्भाला त्याचा त्रास होत नाही. तीव्र रक्तक्षयात मात्र सल्ला घ्यावा. बऱ्याच कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचे पत्र मागतात; ३६ आठवड्यांनंतर, जुळे असल्यास ३२ नंतर, सहसा प्रवास नाकारतात.

मोटारीत कमरेचा पट्टा पोटाच्या खालून, नितंबाच्या हाडांवरून घ्यावा. खांद्याचा पट्टा दोन्ही स्तनांमधून पोटाच्या कडेने न्यावा. पट्टा पोटावर असल्यास धक्क्याने गर्भाशय ताणले जाते. वार (गर्भाचे पोषण करणारी, गर्भाशयाला चिकटलेली अपरा) तितकी लवचीक नसल्याने सुटू शकते. बाहेर खरचटलेलेही नसताना हे घडते, म्हणून किरकोळ अपघातानंतरही तपासणी आवश्यक.

झिका (डासांमार्फत पसरणारा विषाणूजन्य रोग) व हिवताप असलेल्या भागांत जाणे टाळावे. झिकाचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण २०२१ मध्ये बेलसर (ता. पुरंदर) येथे आढळला. रेल्वेत खालच्या बर्थच्या कोट्यात गरोदर स्त्रियांचाही समावेश आहे.